आभाळाचं माप

मित्रांनो, बागेत फिरायला येणारे लोक मला 'तो जुना पत्रा' म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. पत्रा गोठ्यावर घालतात आणि वारा सुटला की तो वाजतो. मी दहा मिलिमीटर जाडीचं भिलाईचं पोलाद आहे आणि कामाने फर्मा आहे. आता माझी जेमतेम दोन बोटं रुंदीची पट्टी उरली आहे, म्हणून माझा हा तोरा बघून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण एके काळी मी आठ फूट लांब आणि तीन फूट उंच होतो. माझ्या बाकीच्या अंगाचं काय झालं, तेच मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

फर्मा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. कारखान्यात एखाद्या वस्तूला ठरावीक वळण द्यायचं असलं, की त्या वळणाचा उलटा नमुना आधी कापून घेतात. मग तयार झालेला माल त्या नमुन्याला भिडवून पाहतात. दोघांच्या मधून उजेड दिसला तर माल चुकला, नाही दिसला तर माल पास. चुकलं तर मालाचं चुकतं, फर्म्याला कोणी बोल लावत नाही. माझ्या जातीचा मान असा मोठा आहे. फक्त माझ्याशी जो माल जुळवायचा होता तो लोखंडाचा नव्हता. ती एक टेकडी होती.

भिलाई तसं सपाट गाव. डोंगर बघायचा तर राजहऱ्याच्या खाणींच्या वाटेला लागावं लागतं. पण रिसालीच्या पुढे जिथे वस्ती विरळ होते, तिथे एक तलाव आहे. तलावाच्या अलीकडे आमची बाग, पलीकडे धानाची शेतं आणि शेतांच्या मागे दोन उंचवट्यांची एक टेकडी. आसपासचे लोक तिला जोडा डोंगरी म्हणतात. दोन उंचवट्यांच्या मधोमध खिंड आहे. हिवाळ्यात सूर्य बरोबर त्या खिंडीत उतरतो आणि तलावाचं सगळं पाणी तांबडं होतं.

मला घडवलं रामाजींनी. ते कारखान्यात गॅस कटर होते, म्हणजे गॅसच्या ज्योतीने लोखंड कापणारे कारागीर. त्यांच्या हातची कड इतकी साफ यायची, की कापल्यावर घासायची गरजच पडत नसे. लग्न करून त्यांनी सिंधुताईंना इथे आणलं, ते भंडाऱ्याकडून, लाखनीजवळच्या एका खेड्यातून. सिंधुताईंना क्वार्टर आवडलं, शेजार आवडला, नळाचं पाणीही आवडलं. पण कितीतरी वर्षं त्या एकच गाऱ्हाणं करत. "इथं नजर टेकतच नाई कुठं," असं म्हणत. त्यांच्या माहेरी खळ्याच्या मागे टेकडी होती. सकाळी दार उघडलं की नजर तिच्यावर जाऊन टेकायची. सपाट गावात ही सोय नव्हती, आणि त्याला रामाजी तरी काय करणार.

मग इथलं वेगळं राज्य झालं त्या सुमारास ही बाग तयार झाली. एका रविवारी रामाजी त्यांना इथे घेऊन आले. सिंधुताई चालून दमल्या आणि तळ्याकाठच्या सिमेंटच्या ओट्यावर टेकल्या. समोर बघितलं आणि टेकडीकडे बोट केलं. नंतर म्हणाल्या की ही तर आमच्या खळ्यामागचीच टेकडी आहे, इथे केव्हा आली. त्या दिवसापासून रविवार ठरून गेला.

बागेच्या समितीला कामगारांच्या हातची एखादी वस्तू बागेत लावायची होती. कोणी म्हणालं लोखंडाचा मोर करा, कोणी म्हणालं चक्र करा. रामाजींनी वेगळंच सुचवलं. टेकडीचा फर्मा करू म्हणाले. लोकांना ते कळलंच नाही, पण रामाजींच्या हाताचा लौकिक असा की नाही म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मोठ्या प्लेटमधून कापून उरलेला एक तुकडा अर्जविनंती करून मिळवला, गेटपासवर तीन सह्या झाल्या, आणि मी एका हातगाडीवरून कारखान्याच्या बाहेर पडलो. तोच मी.

माझी रेघ कशी आखली ते ऐका. रामाजींचे जोडीदार लहानूजी त्याच खात्यात मार्किंगचं, म्हणजे लोखंडावर कापायच्या रेघा आखायचं काम करत. दोघांनी ओट्यापासून दहा हातांवर दोन रुळांचे तुकडे खांब म्हणून पुरले आणि त्यांच्यामध्ये एक मोठा पुठ्ठा बांधला. ओट्यावर सिंधुताईंना बसवलं. त्या बसल्या जागेवरून सांगत होत्या, वर, अजून वर, आता थांबा, आणि लहानूजी पुठ्ठ्यावर खडूने ठिपके देत होते. सगळी दुपार त्यात गेली. त्याच पुठ्ठ्यावरून रामाजींनी माझी खालची कड कापली. म्हणून सांगतो, मला कापलं रामाजींनी, पण माझी रेघ सिंधुताईंच्या डोळ्यांनी ओढलेली आहे.

मला खांबांमध्ये चढवलं तेव्हा गंमत अशी झाली. उभ्याने पाहणाऱ्याला तोंडासमोर नुसता एक लोखंडी पडदा दिसायचा. एक दोघांचं कपाळही माझ्यावर आपटलं. पण ओट्यावर बसून हनुवटी जराशी खालीवर केली, की एका जागी माझी कड आणि टेकडीचा माथा नेमके भिडायचे. खाली टेकडी, वर मी, मध्ये उजेडाची फटसुद्धा नाही. सिंधुताई बसल्या, हनुवटी हलवली आणि म्हणाल्या, "जुळलं."

लहानूजींनी त्या वेळी एकच शंका काढली होती. ते म्हणाले, "रामा, हे बरोबर जुळलं, पन आभाळ समदं झाकून गेलं ना."

"आभाळाले काय होते?" रामाजी म्हणाले.

त्यांचं काही चुकलं असं तेव्हा मलाही वाटलं नाही. फर्मा असाच असतो. कारखान्यात मालाच्या बाहेरच्या रिकाम्या जागेचा कोणी विचार करत नाही. टेकडी हा माल होता आणि आभाळ ही रिकामी जागा होती. माझ्या अंगावर मग वेल्डिंगने मोठी अक्षरं चढवली, 'बैठकर देखिए', आणि माझी नोकरी सुरू झाली.

पहिली दहा वर्षं माझी चैन होती. शाळांच्या सहली यायच्या. मुलं ओट्यावर बसायला रांग लावायची आणि जुळलं की ओरडायची. पाहुणे आले की रिसालीचे लोक त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. दर दिवाळीच्या आधी रामाजी लाल ऑक्साइडचा डबा घेऊन येत आणि मला रंगवून जात. पुढे लोकांच्या हातात मोबाइल आले. लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले आणि टेकडी त्यांच्या खांद्यामागे कुठेतरी असायची. माझ्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या, कोणी खिळ्याने नावं कोरली, पावसाळ्यात गंज धरला. तरी मी तक्रार करणार नाही, कारण पुढे एक माणूस रोज येऊ लागलं.

रामाजी निवृत्त झाले आणि वैशाली नगरात घर बांधून राहिले. त्यानंतर काही वर्षांनी सिंधुताई विसरू लागल्या. आधी दूध गॅसवर विसरलं, मग शेजारणीचं नाव, मग नात दामिनी कोणाची मुलगी ते. संध्याकाळ झाली की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. स्वतःच्या घरात बसून त्या रामाजींना म्हणायच्या, मला घरी घेऊन चल. कधी त्यांना ते भाऊ वाटायचे आणि त्या त्यांना दादा म्हणायच्या. हेच घर आहे, असं रामाजींनी शंभरदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी ऑटो केली आणि सिंधुताईंना इथे आणून ओट्यावर बसवलं.

सिंधुताईंनी हनुवटी हलवली आणि म्हणाल्या, जुळलं. खांदे सैल पडले, हात मांडीवर आले. त्या तासभर शांत बसून राहिल्या आणि अंधार पडायच्या आत निमूट घरी गेल्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नव्हतं ते माझ्या एका कडेने झालं, हे मी छाती फुगवून सांगतो. तेव्हापासून रोजचं येणं सुरू झालं. रामाजींना दिवसाचे तेवीस तास बायको हरवलेली असायची आणि एक तास सापडलेली असायची. त्या एका तासासाठीच म्हातारा दिवसभर घड्याळाकडे डोळे लावून असायचा.

आणि मग दोन हिवाळ्यांपूर्वी टेकडीच्या मागे टावर उभा राहिला.

जमिनीखाली नैसर्गिक वायू आहे का, हे बघायला एक कंपनी आली होती. आधी खिंडीच्या पलीकडे मोठाल्या गाड्यांची धूळ दिसली, मग खोल विहीर खणायचा लोखंडी सांगाडा वर चढत गेला. बरोबर खिंडीत, जिथे सूर्य उतरतो तिथे. शेजारी एक उंच पाइप होता आणि त्याच्या तोंडाशी कधी कधी जाळ पेटलेला असायचा. बागेतल्या फिरण्याच्या वाटेवरून हे सगळं चांगलं दिसायचं आणि लोक कुरकुरायचे. रोज फिरायला येणाऱ्या गयाबाईंनी तर वाटेची दिशाच बदलली. टेकडीकडे पाठ करून चालायच्या.

पहिल्या दिवशी रामाजींना वाटेवरून टावर दिसला. त्यांनी सिंधुताईंना घाईने दुसरीकडे वळवलं, झाडांच्या आडून ओट्यापर्यंत आणलं आणि बसवलं. सिंधुताईंनी हनुवटी हलवली. "जुळलं," त्या म्हणाल्या. रामाजी त्यांच्या मागे वाकले आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहू लागले. टावर नव्हता. टावर टेकडीच्या माथ्यावरून आभाळात चढलेला होता आणि ते आभाळ मी झाकलं होतं. रामाजी माझ्यापाशी आले आणि माझ्यावर हात ठेवून उभे राहिले. मित्रांनो, इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

त्यानंतर ते मागच्या फाटकाने येऊ लागले, म्हणजे वाटेत टावर दिसू नये. दामिनी कॉलेजात शिकते. तिने आणि गयाबाईंनी बागेतल्या लोकांच्या सह्या गोळा करायला घेतल्या. टावर पलीकडच्या उतारावर खाली न्या, टेकडीचा माथा मोकळा सोडा, एवढंच मागणं होतं. कागद घेऊन ती आजोबांकडेही आली. रामाजींनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला.

"आबा, साइन तो करो," दामिनी म्हणाली. "टेकडी तुमची आहे."

"तुह्या आजीले दिसत नाई ना? मंग झालं."

दामिनी कागद घेऊन उठून गेली. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. म्हाताऱ्याचा एक तास सुखाचा चालला आहे, त्यात हिने कशाला लक्ष घालावं, असं मला वाटलं.

मग एक दिवस कॅमेरा घेऊन एक तरुण आला. कंपनीला आणखी चार विहिरी खणायच्या होत्या, आणि बागेतून दिसणाऱ्या देखाव्यावर त्याचा काय परिणाम होईल याचा अहवाल त्याला करायचा होता. मुलगा नम्र होता. त्याने माझ्यावरची अक्षरं वाचली आणि बसून पाहायचं म्हणजे कसं ते रामाजींना विचारलं. झालं. कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो वेळकाळ विसरतो. रामाजींनी त्याला ओट्यावर बसवलं, त्याची हनुवटी स्वतःच्या हाताने खाली केली, उजेडाची फट कशी बंद होते ते दाखवलं, माझी जाडी सांगितली, माझी कड न घासता साफ आली आहे हेसुद्धा सांगितलं. मुलगा खूश झाला. त्याने बरोबर त्याच उंचीवर कॅमेरा लावला आणि फोटो घेतला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, यहाँ से टावर दिखता है क्या?

"यहाँ से कुछ नहीं दिखता," रामाजी म्हणाले. ते अभिमानाने म्हणाले. मुलाने त्यांचं नाव लिहून घेतलं.

चार महिन्यांनी जनसुनवाई झाली, म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची सरकारी सभा. मंडप आमच्या बागेतच टाकला होता, माझ्यापासून वीस पावलांवर, म्हणून मी सगळं ऐकलं. समोर मोठे अधिकारी बसले होते, एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला बागेतली. पडद्यावर एकेक पान येत होतं. चार नव्या विहिरी. त्यांच्या अवजड गाड्यांसाठी जोडा डोंगरीच्या खिंडीतून रुंद रस्ता, आणि त्यासाठी खिंड बारा मीटर खाली उतरवायची. मग बागेचं पान आलं आणि पडद्यावर मी आलो. एवढं मोठं मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. खाली टेकडी, वर मी, आणि त्याखाली लिहिलेलं वाचून दाखवलं गेलं. बागेतल्या ठरलेल्या ठिकाणाहून कोणतंही बांधकाम दिसत नाही, नव्या विहिरींचे टावरही दिसणार नाहीत, त्यामुळे देखाव्यावर परिणाम शून्य. खिंड खाली उतरवल्यावर काय दिसेल, ते त्यात कुठेच नव्हतं. स्थानिक ज्येष्ठ नागरिकाने याला दुजोरा दिला आहे. पुढे नाव होतं.

"आबा," दामिनी हळूच म्हणाली, "ये आपका नाम है."

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला लाज वाटत असेल असं तुम्हाला वाटणार नाही. मला त्या क्षणी गंजून मातीला मिळावंसं वाटलं. आयुष्यभर मी खऱ्याखोट्याची पारख करणारा म्हणून मिरवत होतो. आणि माझ्याच आडून एक खोटी गोष्ट पास झाली होती. फोटोत एक रेघही खोटी नव्हती, तरीही.

रामाजी उभे राहिले. बोलायचं हिंदीत होतं, पण गडबडीत त्यांच्या तोंडून घरचीच भाषा आली आणि दामिनी मागे उभी राहून हिंदीत सांगत गेली. ते म्हणाले की मी गॅसच्या विरोधात नाही, माझा सगळा जन्म गॅसच्या ज्योतीवर गेला, माझी भाकरही त्यावरच शिजली. त्या पोरानेही काही लबाडी केली नाही, मीच त्याला बसवलं. मग ते अधिकाऱ्यांकडे वळले.

"फोटो खरा हाय, साहेब. चूक माही हाय. मी टेकडीचं माप घेतलं. आभाळाचं नाई घेतलं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, मग आता काय म्हणणं आहे. रामाजी म्हणाले, कागद उद्यापर्यंत उघडा ठेवा. उद्या साडेपाचला या आणि त्या पोराने जिथे बसून फोटो काढला तिथे तुम्ही स्वतः बसा. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, शेजारच्यांशी काही बोलले आणि स्थळपाहणी असा शेरा लिहून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावर हाउस नावाच्या बाजारातून एक ऑटो आली. लहानूजींच्या मुलाचं तिथे वेल्डिंगचं दुकान आहे. ऑटोत दोन सिलिंडर, नळ्या, गॅसची ज्योत सोडणारी कटिंगची टॉर्च आणि मध्ये दाटीवाटीने बसलेले लहानूजी. समितीची परवानगी दामिनीने रात्रीच घेऊन ठेवली होती. लहानूजींनी खडू काढला आणि माझ्या खालच्या कडेपासून दोन बोटं वर, कडेला समांतर, दुसरी रेघ आखली. खालची तेवढी पट्टी ठेवायची, वरचं सगळं काढून टाकायचं. आता सगळं माझ्या लक्षात आलं.

रामाजींनी काळा चष्मा चढवला. मग टॉर्च हातात घेतली.

"हात थरथरून राहिला तुहा," लहानूजी म्हणाले. "पोराले बोलावू का?"

"ज्योत लागली का थांबते."

लहानूजींनी खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, "वहिनीले दिसन आता."

रामाजींनी ओट्याकडे पाहिलं. त्यांना तोच विचार पडला असणार, दुसरा कुठला. मी त्यांना रोजचा एक तास देत होतो. त्या तासात त्यांची बायको घरी पोचलेली असायची. आज संध्याकाळी ती ओट्यावर बसेल, हनुवटी हलवेल, आणि तिच्या माहेरच्या टेकडीच्या डोक्यातून एक लोखंडी खांब वर आलेला तिला दिसेल. मग ती कुठे पोचेल? एवढं कळूनही म्हातारा माणूस टॉर्च धरून उभा होता. मला वाटलं, आता हा परत फिरेल. फिरला असता तरी मी त्याला नावं ठेवली नसती.

"दिसू दे," रामाजी म्हणाले आणि त्यांनी ज्योत लावली.

ज्योत लागली आणि हात खरंच थांबला. वीस वर्षांपूर्वी होता तसाच. त्यांनी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, पहिला उंचवटा, खिंड, दुसरा उंचवटा, असा सावकाश प्रवास केला. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. माझं जवळजवळ सगळं अंग आणि 'बैठकर देखिए' ही अक्षरं धप्पकन गवतावर पडली. वाकडी झालेली पट्टी लहानूजींनी ठोकून सरळ केली. रामाजींनी चष्मा काढला आणि कितीतरी वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून समोरचं आभाळ पाहिलं. त्यात टावर होता, पाइप होता, आणि पाइपच्या तोंडाशी जाळ होता.

साडेपाचला अधिकारी आले. ते चांगले उंच होते. ओट्यावर बसले तरी त्यांना मान बरीच खाली घालावी लागली. टेकडी माझ्या पट्टीला भिडली आणि पट्टीच्या वर त्यांना जे दिसलं ते ते बराच वेळ बघत राहिले. कंपनीच्या माणसाने सांगून पाहिलं की हा तात्पुरता टावर आहे. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि कालच्याच जागेवरून, कालच्याच उंचीवरून फोटो घ्यायला लावला.

तेवढ्यात दामिनी सिंधुताईंना घेऊन आली. ओट्यावर साहेब बसलेले पाहून सिंधुताई थबकल्या, कारण ती त्यांची जागा होती. साहेब उठून बाजूला झाले. सिंधुताई बसल्या आणि त्यांनी हनुवटी हलवली. परत हलवली. खाली केली, वर केली, जरा डावीकडे सरकल्या. रामाजी माझ्या खांबाला धरून उभे होते.

"नाई जुळत," सिंधुताई म्हणाल्या. मग त्यांनी साहेबांकडे मान वळवली. "कोनं ठोकला तो खांब?"

दामिनीने या वेळी हिंदीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. साहेबांनी फाइल उघडली आणि मिटली.

निकाल दोन महिन्यांनी आला. खिंड कापायची नाही. नव्या विहिरी पलीकडच्या उतारावर खणायच्या, आणि कोणताही टावर माथ्याच्या रेघेवर येता कामा नये. आताचा टावर मात्र चाचणी संपेपर्यंत राहील. लोकांनी रामाजींना हार घातला. हार घालून ते ओट्यावर बसले तेव्हा मी त्यांचं तोंड पाहिलं, आणि त्या तोंडावर जिंकल्याची खूण नव्हती.

कारण तो एक तास गेला, मित्रांनो. सिंधुताई आता ओट्यावर शांत होत नाहीत. रोज संध्याकाळी बसतात, हनुवटी हलवतात, जुळत नाही म्हणतात आणि विचारतात की कोणी ठोकला. रामाजी रोज सांगतात, गॅसवाल्यांनी ठोकला, काढणार आहेत. त्या म्हणतात, लवकर काढा म्हणावं. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. काही दिवशी त्या फार व्याकूळ होतात आणि घरी चल म्हणतात. मग रामाजी त्यांचा हात धरून तळ्याभोवती चालत राहतात, टावरच्या समोरूनच. मागच्या फाटकाने येणं त्यांनी सोडून दिलं आहे.

परवा मात्र एक वेगळी गोष्ट झाली. चालता चालता सिंधुताई माझ्यापाशी थांबल्या. त्यांनी माझ्या कडेवर बोट ठेवलं आणि एका खांबापासून निघाल्या. पहिला उंचवटा झाला, खिंडीपाशी बोट जरा थांबलं, दुसरा उंचवटा झाला. मग त्यांनी मान वर करून टेकडीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आपलीच रेघ आहे हे त्यांच्या बोटाला ओळखू आलं असावं.

"हे बरोबर हाय," त्या रामाजींना म्हणाल्या. "तिकडचं चुकलं."

रामाजींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

माझं कापलेलं अंग वैशाली नगरात आहे. त्याचे तुकडे करून रामाजींनी एक पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून ठेवला आहे. तिथे तो चांगलं काम करतो असं ऐकतो. झाकायचंच झालं तर पाणी झाकावं.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादं तळं असेल, टेकडी असेल, मोकळं आभाळ असेल. त्याचं माप आजच डोळ्यांत घेऊन ठेवा, आभाळासकट घ्या. एखाद्या दिवशी त्यात काही खुपेल असं उभं राहिलं, तर ते दिसू नये म्हणून माझ्यासारख्याला मध्ये उभं करू नका. तिथे जाऊन बसा. जुळत नसेल तर जुळत नाही म्हणा. आणि कोणी ठोकलं, हे सिंधुताईंसारखं रोज विचारा.